गृहशोभेंतील औचित्य

काव्य, नाटक, चित्र आणि संगीत यांविषयीं आपल्याकडे टीका पुष्कळ होते, आणि ती व्हावी हें योग्यच आहे. परंतु ज्या खुर्चीवर बसून आपण ती टीका वाचतों त्या खुर्चीविषयीं कोणीं चार शब्द लिहिल्याचें सहसा आढळत नाहीं. सुशिक्षित कुटुंबांत चांगली कादंबरी वर्षांतून दोनचार वेळां हातीं घेतली जाते. खुर्ची मात्र रोज. मनुष्याची अभिरुचि जर संवयीनें घडत असेल, तर ती घडविण्याच्या कामीं कादंबरीपेक्षां कपाटाचा, पाटाचा आणि पलंगाचा वांटा अधिक असला पाहिजे. असें असतां घरांतील वस्तूंची निवड, त्यांची डागडुजी आणि त्यांची मांडणी हा सर्व प्रांत टीकाकारानें दुकानदारावर व जाहिरातीवर सोडून दिला आहे. या उपेक्षित प्रांतांत थोडें शिरावें असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. विशेषतः आपल्या घराची सजावट आपणच करावी, जुनें लांकूडसामान आपल्याच हातानें घांसूनपुसून नवें करावें, अशी जी हौस अलीकडे मध्यम वर्गांत वाढीस लागली आहे, तिचें गुणदोषविवेचन आम्हांस करावयाचें आहे.

हवेंत बोलण्यापेक्षां एखादी वस्ती डोळ्यांपुढें ठेवणें बरें. परळचा भोईवाडा घ्या. पालख्या वाहणाऱ्या आणि मासे धरणाऱ्या भोयांची ही वस्ती, हें तिचें नांवच सांगतें. पुढें गिरण्या आल्या, गिरण्यांमागून चाळी आल्या. १९२६ सालीं के. ई. एम. आणि १९४१ सालीं टाटा हीं रुग्णालयें शेजारीं उभीं राहिलीं. भोईवाड्याला लागूनच नायगांव, आणि नायगांवांत मुंबई विकास खात्यानें, म्हणजे लोकांच्या तोंडच्या 'बी. डी. डी.'नें, बांधलेल्या ४२ चाळी. १९२० सालीं स्थापन झालेल्या या खात्यानें पुढील कांहीं वर्षांत वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें मिळून २०७ चाळी उभ्या केल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळींत ८० खोल्या, व एका खोलीचें क्षेत्र १६० चौरस फूट. या खोल्यांतून तीन-तीन, चार-चार पिढ्या नांदल्या. २०१७ सालच्या एप्रिल महिन्यांत वरळी, नायगांव व ना. म. जोशी मार्ग येथील चाळींच्या पुनर्विकासाचें भूमिपूजन झालें. ऑगस्ट २०२५ मध्यें वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हातीं नव्या घरांच्या किल्ल्या आल्या. नवें घर ५०० चौरस फुटांचें आहे. तिपटीहून मोठ्या जागेंत जातांना जुनें काय न्यावें, काय टाकावें, आणि नेलें तर कोणत्या रूपांत न्यावें, हा प्रश्न या भागांत घरोघर येणारा आहे. आमच्या विषयाची खरी कसोटी येथेंच लागते. कारण येथें प्रश्न केवळ हौसेचा राहत नाहीं, तो निवडीचा होतो.

आधीं त्या जुन्या खोलीकडे रचनेच्या दृष्टीनें पाहूं. १६० चौरस फुटांत एका वस्तूला एकच अर्थ ठेवून भागत नाहीं. पलंग दिवसां बैठक होतो व रात्रीं शय्या. त्याच्या पोटांत ट्रंका असतात, आणि ट्रंकांत लग्नकार्याचीं भांडीं व ठेवणींतले शालू. खिडकीची कड हें मुलाचें मेज, पोटमाळा हें कोठार, आणि दाराबाहेरचा सामाईक बोळ हें अंगण. अलंकारशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर येथें सर्वत्र श्लेष आहे. श्लेष साधावयाचा म्हणजे शब्द नेमका लागतो. तशीच येथें वस्तुहि नेमकी लागते. पलंग चार इंच लांब झाला तर दार अडतें; फडताळाचें दार उजवीकडे उघडावें कीं डावीकडे, यावर साऱ्या घराचें स्वास्थ्य अवलंबून असतें. म्हणून सुतार खोलींत येऊन माप घेई आणि त्या मापाची वस्तु घडवून देई. पुढें लांकडाच्या जोडीला लोखंड आलें. याच गिरणगांवांत, लालबागेस, १८९७ सालीं गोदरेज यांनीं कुलुपांचा धंदा काढला आणि १९२३ सालीं लोखंडी कपाटें करण्यास आरंभ केला. 'गोदरेजमध्यें ठेव' असें म्हटल्यावर कोठें ठेवावयाचें हें महाराष्ट्रांतील गृहिणीला विचारावें लागत नाहीं, इतकें त्या कपाटाचें नांव भाषेंत मुरलें. तात्पर्य, चाळींतील खोली सजविलेली नसेल, परंतु ती रचलेली खास होती. आणि रचना ही सजावटीच्या आधींची पायरी आहे. ही पायरी गाळून जो सजवूं लागतो तो व्याकरण न शिकतां काव्य करूं लागलेल्या मनुष्यासारखा फसतो.

आतां नव्या हौसेकडे वळूं. तिचा मूळ हेतु स्तुत्य आहे, हें आरंभींच सांगितलें पाहिजे. जुनें टाकूं नये, स्वतःच्या हातांनीं कांहीं करावें, घर हें आपल्या कष्टानें आपलें व्हावें, या तीनहि इच्छा निरोगी आहेत. दोष आहे तो ज्या नमुन्यांवर ही हौस पोसली जाते त्या नमुन्यांत. मासिकांतून, प्रदर्शनांतून आणि आतां हातांतल्या फोनच्या पडद्यावरून जे नमुने घरांत येतात त्यांत एका गोष्टीचा अभाव ठळकपणें जाणवतो, आणि ती गोष्ट म्हणजे औचित्य. काश्मीरच्या क्षेमेंद्रानें अकराव्या शतकांत 'औचित्यविचारचर्चा' लिहिली. औचित्याला तो काव्याचें जीवित मानतो, आणि आपलें म्हणणें पटविण्यासाठीं दागिन्यांचाच दाखला देतो: कमरपट्टा गळ्यांत घातला किंवा हार कमरेला बांधला तर अलंकार खरा असूनहि पाहणाऱ्यास हंसूं येतें, असा त्याचा आशय आहे. महाविद्यालयांत हा विचार आपण काव्याच्या तासाला शिकवितों आणि तासाबरोबरच मिटवून ठेवतों. तो बैठकीच्या खोलींत आणला तर प्रचलित सजावटीचे तीन दोष स्पष्ट दिसतात.

पहिला दोष झांकण्याचा. आजोबांनीं करून घेतलेलें सागवानी कपाट असतें. धुरानें आणि हाताळण्यानें काळवंडलेलें. नातू त्यावर एका रविवारीं पांढऱ्या किंवा फिकट निळ्या रंगाचा जाड थर देतो आणि कपाट नवें झालें असें म्हणतो. वास्तविक नवा झाला तो रंग. कपाट नाहींसें झालें. सागाच्या अंगच्या रेषा, त्याचा मधासारखा वर्ण, वर्षानुवर्षें हात लागून मुठीजवळ आलेली झिलई, हें सर्व त्या थराखालीं गेलें. रंग लावणें हाच दोष असें मात्र कोणीं समजूं नये. कोंकणांत दारांखिडक्यांना तेलरंग देतात तो पावसापासून रक्षणाकरितां. तेथें तो उचितच आहे. खोक्यांचें देवदारी लांकूड, प्लायवूडचे तक्ते, ज्यांना दाखविण्यासारखें स्वतःचें रूप फारसें नाहीं, त्यांनाहि रंग शोभतो. परंतु ज्याला स्वतःचा चेहरा आहे त्याला मुखवटा देण्यांत कसली रसिकता?

दुसरा दोष याच्या अगदीं उलट आहे, आणि तो आम्हांस अधिक गंभीर वाटतो. तो म्हणजे कृत्रिम जीर्णता. नवी वस्तु घ्यावयाची, तिचे कोंपरे घांसून झिजवावयाचे, रंगाचे टवके मुद्दाम उडवावयाचे, आणि शंभर वर्षें वापरल्यासारखें रूप तिला आणावयाचें! साहित्यांत हा रोग आपल्या ओळखीचा आहे. अनुभव नसतां केवळ जुने शब्द पेरून गांभीर्य आणूं पाहणारी कविता आपण पाहतांच ओळखतों. झीज ही वापराची नोंद आहे. पाटाचा मध्य खोल गेला तो त्यावर पिढ्या जेवल्या म्हणून. न जेवतां पाट झिजविणें हें खोटें कागदपत्र करण्यासारखें आहे. शिवाय ज्या खोल्यांत टवके उडालेला रंग परत द्यावयास पैसा नव्हता, त्या खोल्यांच्या शेजारीं राहून तेच टवके शोभा म्हणून विकत घेण्यांत एक प्रकारची असंवेदनशीलताहि आहे.

तिसरा दोष उसन्या प्रसंगाचा. परदेशच्या समुद्रकांठच्या बंगल्यांत भिंतीला टेकविलेली रिकामी शिडी, चित्रावांचून टांगलेली चौकट, किंवा कोळ्याचें जाळें शोभत असेल. तेथल्या जीवनाशीं त्याचा कांहीं संबंध असेल. मासे धरणाऱ्यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या भोईवाड्यांत, दुकानांतून आणलेलें शोभेचें जाळें भिंतीवर टांगणें हें मात्र आपल्याच घरांत पाहुणा होऊन राहण्यासारखें होईल. वस्तु कोठून आली यापेक्षां ती येथें कां आहे, हा प्रश्न महत्त्वाचा. ज्या वस्तूपाशीं त्याचें उत्तर नाहीं, ती कितीहि सुबक असली तरी अडगळच समजावी.

मग उचित नूतनीकरण कशाला म्हणावें? याचें उत्तर शोधतांना आमचें लक्ष एका साध्या पदार्थाकडे जातें, आणि तो पदार्थ म्हणजे लाख. पळस, बोर, कोशिंब अशा झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या एका सूक्ष्म कीटकाचा हा स्राव. तो शुद्ध करून त्याचे पातळ पापुद्रे करतात. त्यांना चपडा म्हणतात. चपडा स्पिरिटमध्यें विरघळवून, कापसाचा बोळा मलमलीच्या फडक्यांत बांधून, हलक्या हातानें थरावर थर देत लांकडावर चढविला कीं तें आपल्याकडचें जुनें, सुप्रसिद्ध पॉलिश होय. सावंतवाडीचे कारागीर तीच लाख रंगीत कांड्यांच्या रूपानें चरकावर फिरत्या लांकडाला दाबून धरतात आणि त्या घर्षणाच्या उष्णतेनें ती लांकडावर बसते. तेथलीं खेळणीं अशींच रंगतात. या लाखेचा एक गुण टीकाकारानें ध्यानांत घ्यावा असा आहे. नवा थर दिला कीं त्यांतील स्पिरिटनें जुना थर किंचित् विरघळतो आणि दोन्ही एकजीव होतात. म्हणून पन्नास वर्षांपूर्वींचें पॉलिश संपूर्ण न खरवडतांहि नीट करतां येतें. गरम पेल्याचा पांढरा डाग उमटला तर स्पिरिटच्या अगदीं हलक्या हातानें तो बहुधा जातो. जुन्या सुतारानें सांध्यांत घातलेल्या सरसाचेंहि असेंच आहे: ऊब आणि ओलावा दिला कीं तो सैल होतो, खिळखिळा सांधा उकलतो, आणि वस्तु पुन्हां जोडतां येते. १९५९ सालीं निघालेला फेव्हिकॉल किंवा अलीकडचें 'पी. यू.' पॉलिश यांची घट्टपणाची बाजू निर्विवाद आहे. परंतु त्यांनीं एकदां घट्ट केलेलें पुढच्या हाताला सहजीं उकलतां येत नाहीं. 'पी. यू.'च्या थरावर खोल ओरखडा उठला कीं त्यावर नुसता नवा हात मिसळत नाहीं, बहुधा सगळा पृष्ठभागच घांसावा लागतो.

यावरून आम्ही असा नियम काढूं इच्छितों: जें नूतनीकरण पुढच्या पिढीला पुन्हां दुरुस्तीची वाट मोकळी ठेवतें तें चांगलें, जें आपल्यापाशींच वस्तूचा शेवट करतें तें वाईट. नियमाला अपवाद असणारच. ज्या मेजावर रोज गरम पातेलीं आणि पाणी सांडावयाचें तेथें लाख टिकत नाहीं. तेथें कठीण थरच उचित. परंतु कपाट, देव्हारा, पुस्तकांची मांडणी, आरामखुर्ची यांना तो पाषाणी थर कशाला हवा? जुन्या ग्रंथाच्या संपादकाकडून आपण जी अपेक्षा करतों तीच येथें करावी. त्यानें पाठ शुद्ध करावा, परंतु स्वतःचीं वाक्यें घालूं नयेत; आणि जें दुरुस्त केलें तें पुढच्या अभ्यासकाला तपासतां येईल असें ठेवावें.

ज्यांना हें काम हातीं घ्यावयाचें आहे त्यांच्यासाठीं चार व्यावहारिक गोष्टी सांगणें अस्थानीं होणार नाहीं. प्रथम वस्तूची परीक्षा करावी. मागच्या, न दिसणाऱ्या बाजूवर स्पिरिटमध्यें भिजविलेलें फडकें क्षणभर दाबून धरावें. थर चिकट होऊन सुटूं लागला तर तें लाखेचें पॉलिश, नाहीं तर तेलरंग किंवा दुसरा कांहीं थर. मग सांधे पाहावे, कारण हलणाऱ्या खुर्चीला चकाकी देणें म्हणजे आजाऱ्याला दागिने घालणें होय. लांकडांतून पिठासारखा बारीक भुसा गळत असेल तर आधीं किडीचा बंदोबस्त करावा, आणि तो होईपर्यंत ती वस्तु दुसऱ्या लांकडापासून दूर ठेवावी. घांसण्याचा कांचकागद, ज्याला आज दुकानांत पॉलिशपेपर म्हणतात, तो जाड दाण्यापासून बारीक दाण्याकडे न्यावा. ८०, १२०, २२० असे त्यावरचे आंकडे वाढत जातात तसतसा दाणा बारीक होतो. हात नेहमीं लांकडाच्या रेषांबरोबर चालवावा, आडवा कधींहि नाहीं. आडवे ओरखडे पॉलिशखालीं दुप्पट दिसतात. जुना तेलरंग असेल तर विशेष सावध राहावें. पूर्वींच्या रंगांत शिसें पुष्कळ असे. आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाखांत ९० भागांवर आणणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून अंमलांत आला. तेव्हां असा रंग कोरडा घांसून धूळ उडवूं नये, ओला करून घांसावा, आणि लहान मुलांना तेथून दूर ठेवावें. स्पिरिट पेट घेतें. गॅस, निरांजन, उदबत्ती यांच्याजवळ त्याची बाटली उघडूं नये, खिडक्या मात्र उघड्या ठेवाव्या. आणि मुंबईच्या पावसाळ्यांत हें काम करूंच नये. हवेंतील ओलाव्यानें पॉलिशवर पांढुरकी झांक येते आणि सर्व कष्ट वायां जातात. दिवाळीनंतरची कोरडी हवा याला उत्तम.

हा विचार आपल्याकडेच उद्भवला आहे असें नाहीं. इंग्लंडांत विल्यम मॉरिस (१८३४–१८९६) या कवीनें यंत्रानें केलेल्या कुरूप वस्तूंविरुद्ध बंड पुकारलें. १८६१ सालीं त्यानें मित्रांसह स्वतःचा कारखाना काढला, आणि उपयोगी किंवा सुंदर नसलेलें कांहींहि घरांत ठेवूं नये असा उपदेश केला. परंतु हातानें केलेल्या त्याच्या वस्तु महाग पडल्या. ज्या कामकऱ्यांसाठीं त्याचा जीव तळमळत होता त्यांच्या घरीं त्या पोंचल्या नाहींत, श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत गेल्या. शंभरएक वर्षांनीं इटलींतील एंझो मारी (१९३२–२०२०) यानें याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूनें हात घातला. १९७४ सालीं त्यानें साध्या फळ्या व खिळे यांपासून कोणालाहि ठोकून करतां येतील अशा मेजांच्या, खुर्च्यांच्या, पलंगांच्या आकृत्या प्रसिद्ध केल्या. त्याचा हेतु स्वस्त सामान पुरविणें एवढाच नव्हता. ज्यानें एक मेज स्वतः ठोकून पाहिलें त्याला दुकानांतील मेजाचा पाय कां डगमगतो हें कळूं लागतें. म्हणजे करण्यांतून पारखण्याची दृष्टि येते, असें त्याचें मत होतें. मॉरिसनें लोकांना सुंदर वस्तु देऊं केली, मारीनें त्यांना टीकाकार होण्याचें साधन दिलें. दोघांत मारी आम्हांस अधिक जवळचा वाटतो. त्याच्या खुर्च्या फारशा सुखावह नसतीलहि; परंतु अभिरुचि ही बाजारांतून आणावयाची वस्तु नसून ती हातांतून डोक्यांत चढते, हें त्यानें ओळखलें.

हें आपल्या लोकांना अगदींच अपरिचित आहे असें म्हणतां येणार नाहीं. गिरगांव, लालबाग, भोईवाडा येथल्या चाळींतून दर वर्षीं कामट्या सोलून व पतंगी कागद चिकटवून आकाशकंदील केले गेले, आणि गणपतीपुढचें मखर घरच्या मंडळींनीं रात्रीं जागून उभें केलें. मध्यंतरीं थर्मोकोल आलें आणि चाकूनें कापून वाटेल ते महाल उठूं लागले. २०१८ सालीं राज्यांत त्यावर बंदी आल्यावर पुठ्ठा, कापड, बांबू यांकडे कित्येक हात परत वळले. या हातांत कौशल्य नाहीं असें कोण म्हणेल? परंतु मखरासाठीं आठ रात्री जागणारा तोच तरुण खुर्चीचा निखळलेला पाय बसवावयाचा म्हटला कीं 'तें सुताराचें काम' म्हणून बाजूला होतो. देवासाठीं केलेला श्रम त्याला पवित्र वाटतो. खुर्चीसाठीं केलेला हलका. हा दोष त्याचा एकट्याचा नाहीं. लेखणी धरणारा हात वरचा आणि रंधा धरणारा हात खालचा, ही समजूत आपल्या जातिव्यवस्थेनें घट्ट केली आणि इंग्रजी शिक्षणानें ती सोडविली नाहीं, उलट तिला पदवीचा शिक्का दिला. १९३७ सालीं वर्धा येथें गांधीजींनीं हस्तव्यवसायाला शिक्षणाच्या मध्यभागीं आणण्याची योजना मांडली. पुढें शाळांतून कार्यानुभव हा विषय आला. आणि तो बहुतेक ठिकाणीं मुलांच्या वतीनें पालकांनीं रात्रीं करून द्यावयाच्या कागदी फुलांवर येऊन थांबला, हें आपण सर्व जाणतों.

येथें दोन आक्षेप निघतील, आणि त्यांना बगल देणें योग्य होणार नाहीं. पहिला असा कीं, प्रत्येकानें आपापलें पॉलिश केलें तर पॉलिशवाल्यानें आणि सुतारानें काय खावें? आक्षेप रास्त आहे. परंतु अनुभव बहुधा उलट दिसेल. ज्यानें एक पाट तासभर घांसून पाहिला त्याला पॉलिशवाल्याच्या मजुरीची किंमत कळते, आणि तो घासाघीस करण्यास कचरतो. मुंबईंत वेताच्या खुर्च्या विणण्याचें काम अंध कारागीर फार वर्षांपासून करीत आले आहेत; भिजविलेला वेत आठहि बाजूंनीं ओढून जाळी समतोल ठेवणारीं तीं बोटें एकदां जवळून पाहिलीं कीं, फाटलेली बैठक काढून तेथें प्लायवूडचा तुकडा ठोकण्याचा धीर होत नाहीं. हौशी मनुष्यानें साधें काम स्वतः करावें, आणि कोरीव शिसवी खुर्ची, कमानदार देव्हारा, वेताचें विणकाम हीं जाणत्याच्या हातीं द्यावीं. आपल्या मर्यादेची जाणीव हाहि औचित्याचाच भाग होय.

दुसरा आक्षेप अधिक बोंचणारा आहे. जुन्या सामानाचें हें कौतुक पोटभरू लोकांचें आहे. ज्या बाईनें त्या फडताळांतले ढेकूण मारण्यांत आणि ओल पुसण्यांत आयुष्य काढलें तिला नव्या घरांत सर्व नवें हवें असेल तर तिला रसिकतेचे धडे देणारे तुम्ही कोण? हें म्हणणें आम्ही मान्य करतों. जुनें आहे म्हणून जपावें हा नियमच नव्हे. दुःखाची आठवण देणारी वस्तु टाकण्याचा अधिकार घरच्या गृहिणीचा आहे, टीकाकाराचा नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं टाकण्यापूर्वीं तिला हें ठाऊक असावें कीं ती काय टाकीत आहे. भंगारवाला सागवानी कपाट लांकडाच्या भावानें उचलतो. मटन स्ट्रीटवरच्या चोरबाजारांत जुन्या मुंबईच्या घरांतलें सामान श्रीमंतांसाठीं मांडलेलें असतें, आणि पाडलेल्या इमारतींतील बर्मा सागाच्या तुळयांना आज मागणी आहे. उलट त्याच गृहिणीला हप्त्यानें जें नवें कपाट विकलें जातें तें पुष्कळदां लांकडाचा भुसा डिंकानें दाबून केलेल्या तक्त्यांचें असतें, वरून लांकडाचें चित्र छापलेला कागद चिकटविलेला. पाणी लागलें कीं तें फुगतें. स्क्रू एकदां सैल झाला कीं भुशांत परत धरत नाहीं. त्याला ना रंधा लागू, ना लाख. म्हणजे जी वस्तु ती देते ती दुरुस्त होणारी, आणि जी घेते ती न होणारी. हा सौदा अभिरुचीचा नसून व्यवहाराचाहि आहे, आणि त्यांत ती ठकविली जाऊं नये एवढ्यासाठीं तरी हें ज्ञान घरोघर पोंचलें पाहिजे.

१९३० नंतरच्या काळांत आपल्या साहित्यांत 'कलेसाठीं कला' आणि 'जीवनासाठीं कला' असा वाद माजला होता. फडके एका पक्षाचे, खांडेकर दुसऱ्याचे. दोन्ही बाजूंनीं बरेंच लिहिलें गेलें. त्या वादांत खुर्चीला कोणीं साक्षीदार म्हणून बोलाविलें नाहीं, ही खेदाची गोष्ट होय. चांगली खुर्ची बसणाऱ्याला भार वाटूं देत नाहीं, म्हणून ती जीवनासाठीं आहे. आणि तिच्या पाठीचा बांक नजरेला सुखवितो, म्हणून ती कलाहि आहे. तिच्यापुरता तरी तो वाद उरत नाहीं.

म्हणून आमचा अभिप्राय असा. घरची सजावट घरच्यांनीं करण्याची ही हौस वाढावी. परंतु तिनें झांकण्याचा मोह सोडावा, खोट्या जीर्णतेचा तिटकारा धरावा, उसन्या देखाव्यांना दाराबाहेर ठेवावें. नायगांव-भोईवाड्याचीं जीं कुटुंबें १६० फुटांतून ५०० फुटांत जातील त्यांच्यापाशीं, कोणत्याहि सजावटकारापाशीं नसेल एवढें रचनेचें ज्ञान आहे. एका वस्तूकडून दोन कामें कशीं घ्यावीं हें त्यांना कोणीं शिकवावयास नको. तें ज्ञान मोठ्या जागेच्या आनंदांत हरवूं नये. सर्व जुनें नेणें शक्य नाहीं आणि इष्टहि नाहीं. परंतु एक कपाट, एक पाट, एक आरामखुर्ची, जी भक्कम आहे आणि जिचा कोणाला तरी लळा आहे, ती निवडावी; कोरडी हवा पाहून घरच्या मुलामुलींनीं ती स्वतः घांसावी, आणि तिच्यावर लाखेचे चार पातळ हात द्यावे. चमक दुकानासारखी येणार नाहीं. परंतु त्या मुलांना साग कसा ओळखावा, सांधा कसा बसतो आणि श्रमाला काय पडतें, हें आयुष्यभरासाठीं कळेल. आणि पुढें त्यांच्या नातवंडांना तें कपाट पुन्हां घांसतां येईल.